काचेच्या बटणाची घडण

प्रस्तुत स्मरणिकेसाठी संगणक कक्षातील जुने साहित्य चाळत असता आमच्या हाती एक तबकडी लागली. तिच्यावर पेनाने ‘वेबसाईट – बटणे’ एवढेच लिहिलेले होते. सुदैवाने ती उघडली. आत ‘मुख्य पान’, ‘शाळेविषयी’, ‘प्रवेश’, ‘वसतिगृह’ आणि ‘संपर्क’ अशी पाच निळी, चकचकीत बटणे होती आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती होत्या. २००५ च्या सुमारास आम्ही काही शिक्षकांनी दहावीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन शाळेचे पहिले संकेतस्थळ तयार केले होते, त्याचे हे अवशेष. रंग निळाच का, हे त्या वेळी कोणी विचारले नव्हते आणि विचारण्याचे कारणही नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकास जुने नाणे सापडले की तो काही ठरावीक प्रश्न विचारतो. हे कशासाठी पाडले? कसे पाडले? ही घडण कोठून आली? आणि ते चलनातून का गेले? हेच प्रश्न या बटणांना विचारून पाहावेत, असे आम्हास वाटले.

बटण कशासाठी?

१९९१ मध्ये जगासमोर आलेले वेब हे मुख्यतः मजकुराचे होते. १९९३ मध्ये ‘मोझॅक’ या ब्राउझरने मजकुराच्या ओळींमध्येच चित्रे दाखवण्यास आरंभ केला आणि पुढे पानावरील वाटा दाखवणारे शब्दही चित्ररूपात येऊ लागले.

यामागे एक साधी अडचण होती. संगणकाचा पडदा सपाट असतो. दाराच्या घंटीचे बटण भिंतीबाहेर उठून आलेले असते, त्यामुळे ते दाबावे हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने नित्य वापरातील वस्तूंविषयीच्या आपल्या १९८८ च्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता : वस्तूच्या रूपावरूनच तिचा वापर कळावा. पडद्यावर मात्र उठून आलेले काही नसते. तेथे उठाव रंगवावा लागतो. चकचकीत बटण म्हणजे असा रंगवलेला उठाव होय. ते पाहणाऱ्यास सांगते, ‘येथे दाबा.’

ते कसे घडते?

आमच्याजवळ विकतचे सॉफ्टवेअर घेण्याइतका निधी नव्हता. म्हणून ‘गिम्प’ या विनामूल्य चित्रसंपादकावर आम्ही काम केले. बर्कली येथील विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली होती. ‘फोटोशॉप’मध्येही रीत तत्त्वतः हीच आहे.

प्रथम १८० बाय ६० पिक्सेलचा पारदर्शक कागद घ्यावा. त्यावर १६० बाय ४० पिक्सेलचा आयत निवडून त्याचे कोपरे गोल करावेत. गोलाईचे प्रमाण शंभर टक्के दिले की दोन्ही टोके अर्धवर्तुळाकार होतात. भोवतीची मोकळी जागा सावलीसाठी राखलेली असते.

यानंतरचे सर्व काम थरांचे आहे. थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक काचा. एका काचेवरचे पुसले तरी दुसरीवरचे शाबूत राहते. पहिल्या थरावर रंगाचा उतार द्यावा, वर गडद निळा आणि खाली फिकट निळा. हे प्रथम उलटे वाटते. परंतु काचेच्या गोटीवर वरून प्रकाश पडला तर तो आत शिरून खालच्या बाजूस साठतो आणि तेथे उजळपणा दिसतो. बटण प्लास्टिकचे न दिसता काचेचे दिसते ते या उतारामुळे.

दुसरा थर चकाकीचा. मूळ निवड दोन पिक्सेलने आत आकसून घ्यावी, तिचा केवळ वरचा अर्धा भाग ठेवावा आणि त्यात पांढऱ्यापासून पारदर्शकापर्यंत जाणारा उतार भरावा. खिडकीचा उजेड काचेवर पडल्याचा भास होतो तो येथे. तिसरा थर सर्वांत खाली जातो. ती सावली. काळा रंग, दोन पिक्सेल खाली सरकवलेला, कडा धूसर आणि गडदपणा पावपट. सावली गडद झाली की बटण हवेत तरंगू लागते आणि सारा भास मोडतो.

हे सर्व डोळ्यास खरे का वाटते? प्रकाश वरून येतो, असे आपला मेंदू गृहीत धरून चालतो. सूर्य वर, दिवा वर. म्हणून वर उजळ आणि खाली सावली दिसली की वस्तू फुगीर वाटते आणि तेच उलटे केले की खोलगट. बटणाच्या तीन प्रती याच नियमावर आधारलेल्या होत्या. पहिली नेहमीची. दुसरी थोडी उजळ, माऊसचा बाण वर आल्यावर दिसणारी. तिसरी दाबलेली : सावली काढलेली, चकाकी मंद केलेली आणि अक्षरे एक पिक्सेल खाली सरकवलेली. त्या एका पिक्सेलने बटण ‘आत गेले’ असे वाटते. विद्यार्थ्यांनी हे प्रथम पाहिले तेव्हा ते कितीतरी वेळ नुसतेच बटण दाबत बसले होते.

ही चकाकी कोठून आली?

१९९८ मध्ये ‘अॅपल’ कंपनीने ‘आयमॅक’ हा अर्धपारदर्शक, रंगीत आवरणाचा संगणक आणला. जानेवारी २००० मध्ये त्याच कंपनीने आपल्या नव्या प्रणालीचे ‘अॅक्वा’ नावाचे रूप दाखवले. नावाप्रमाणेच त्यातील बटणे पाण्याच्या थेंबासारखी होती. मार्च २००१ मध्ये ती प्रणाली ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी ‘विंडोज एक्सपी’ गोलाईदार निळ्या पट्ट्या घेऊन आली आणि २००७ मध्ये ‘व्हिस्टा’ने खिडक्यांच्या चौकटीच काचेच्या केल्या.

साधनेही तयार होत गेली होती. फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ मधील तिसऱ्या आवृत्तीत आली, तर सावली, उठाव आणि रंगाचा उतार काही क्लिकमध्ये देणाऱ्या शैली २००० मधील सहाव्या आवृत्तीत. घडण सोपी झाल्यावर तिचा प्रसार व्हायला वेळ लागत नाही. पाहता पाहता जगभरची संकेतस्थळे थेंबांनी भरून गेली.

या सौंदर्याला वजन होते. ‘जिफ’ प्रकारच्या चित्रात केवळ २५६ रंग बसत, त्यामुळे उतारावर पट्टे उमटत आणि धूसर सावलीच्या कडा करवतीसारख्या दिसत. ‘जेपेग’मध्ये अक्षरांच्या कडा माखत. ‘पीएनजी’ सर्वांत योग्य, परंतु त्या काळी घरोघरी असलेला ‘इंटरनेट एक्सप्लोरर ६’ त्याच्या पारदर्शक भागामागे करडा रंग दाखवी. म्हणून आम्ही सावलीवर पाणी सोडले आणि जिफ पत्करले. आमची पंधरा चित्रे प्रत्येकी सुमारे ४ किलोबाइटची, म्हणजे एकूण ६० किलोबाइट. टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिटच्या वेगाने ती येण्यास, तार उत्तम चालली तरी, आठ-नऊ सेकंद लागत. पाच शब्द वाचण्यासाठी एवढी प्रतीक्षा!

अक्षरे चित्रात का अडकली?

मग शब्द शब्दच का ठेवले नाहीत? त्याचे मराठीपुरते एक वेगळे कारण होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते, तरी आपल्याकडील बहुतेक छपाईचे काम निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटवर चाले. तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसेल तर ‘प्रवेश’ऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. चित्रातील अक्षर मात्र सर्वत्र सारखेच दिसे. म्हणून मराठी संकेतस्थळांवर शीर्षके आणि बटणे चित्ररूप करण्याची रीत पडली.

देवनागरीने आम्हास आणखी एक धडा दिला. रोमन अक्षरे चकाकीच्या थराखाली ठेवली की ती काचेच्या आत असल्यासारखी शोभतात. आमची शिरोरेषा मात्र नेमकी चकाकीच्या पट्ट्यात येई आणि पुसट होई. ‘मुख्य’मधील उकार आणि ‘वसतिगृह’मधील ऋकार यांना खालीही जागा लागे. अखेर अक्षरांचा थर आम्ही सर्वांत वर आणला आणि चकाकी निम्म्याने कमी केली. बटण थोडे कमी झळाळले, पण वाचता येऊ लागले.

आम्ही समाधानी होतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. त्याची दृष्टी गेलेली होती आणि तो महाविद्यालयात शिकत होता. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’च्या साहाय्याने तो संगणक वापरत असे. ‘जयभीम सर,’ तो म्हणाला, ‘बहिणीला पाचवीत घालायचं आहे. प्रवेशाची सूचना कधी निघणार?’ सूचना निघून महिना झाला होता, मुदत संपली होती आणि वसतिगृहातील जागाही भरल्या होत्या. ‘संकेतस्थळावर आहे की, तिसऱ्या बटणाखाली,’ आम्ही म्हणालो. तो क्षणभर थांबला. ‘सर, मला तिथं बटणं ऐकूच आली नाहीत. पाच वेळा नुसतं बी-टी-एन, बी-टी-एन ऐकू आलं.’

स्क्रीन रीडरला चित्रातील अक्षरे दिसत नाहीत. चित्राला पर्यायी मजकूर जोडलेला नसेल तर तो फाईलचे नाव वाचतो आणि आमच्या फायलींची नावे ‘बीटीएन-०१’पासून ‘बीटीएन-०५’पर्यंत होती. प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर द्यावा, ही शिफारस वेबच्या जागतिक संस्थेने १९९९ मध्येच प्रसिद्ध केली होती. चकाकीचा उतार किती अंशांचा असावा यावर आम्ही आठवडा घालवला, पण ती शिफारस वाचली नव्हती. त्या रात्री आम्ही पाचही बटणांना पर्यायी मजकूर जोडला. त्याचा स्क्रीन रीडर केवळ इंग्रजी बोलत असल्यामुळे तो रोमन लिपीत लिहावा लागला. कामास वीस मिनिटे लागली. त्याची बहीण पुढील वर्षी सहावीत आली. पाचवीचे वर्ष तिने गावीच काढले.

बटण चलनातून का गेले?

२०११-१२ पर्यंत ब्राउझर इतके प्रगत झाले की गोल कोपरे, रंगाचा उतार आणि सावली हे सर्व चित्राविना, काही ओळींच्या संकेतांनी उमटू लागले. अक्षर अक्षरच राहिले आणि चकाकीचे वजनही उरले नाही. गंमत अशी की चकाकी अशी स्वस्त झाली त्याच वेळी तिची आवड सरली. ऑक्टोबर २०१२ मधील ‘विंडोज ८’ आणि सप्टेंबर २०१३ मधील ‘आयओएस ७’ यांनी सपाट रूप आणले. अनेक ठिकाणी बटण म्हणजे नुसता एक रंगीत शब्द उरला. सरावलेल्यांना ते स्वच्छ वाटले. प्रथमच पडद्यासमोर बसलेल्यास मात्र शब्द वाचायचा की दाबायचा, हे कळेनासे झाले. पुढे २०२५ मध्ये ‘अॅपल’नेच ‘लिक्विड ग्लास’ या नावाने काच पुन्हा आणली. फॅशनचे चक्र असे फिरत राहते. पण काच असो वा सपाट रंग, येथे दाबता येते हे प्रत्येकाला कळले पाहिजे. डोळ्याने न कळल्यास कानाने कळले पाहिजे.

शाळेचे नवे संकेतस्थळ आता घडत आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांना आमची तीन मागणी आहेत. बटणावरील शब्द चित्रात नसावा, खरा मजकूर असावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे. २००८ पासून हाच मान्य निकष आहे. आणि बटण बोटाला सहज सापडेल एवढे मोठे असावे, कारण आपले बहुतेक पालक ते मोबाईलवरच उघडणार आहेत.

काम पूर्ण झाल्यावर परीक्षा आमच्याकडून घेऊ नये. ज्यांनी शाळेचे संकेतस्थळ कधी उघडलेले नाही अशा एखाद्या पालकास शेजारी बसवावे, ‘प्रवेशाची सूचना शोधा’ एवढेच म्हणावे आणि त्यांचे बोट कोठे थांबते ते पाहावे. त्यानंतर पडदा बंद करून तेच पान स्क्रीन रीडरकडून ऐकावे.