चंदेरी फुगा आणि विजेची तार

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला पुतण्याच्या नव्या दुकानाचे उद्घाटन होते. दाराला झेंडूची तोरणे होतीच. मुलांच्या हट्टाखातर ताऱ्याच्या आकाराचे चंदेरी फुगेही आणले होते. फीत कापण्याच्या गडबडीत त्यातील एक सुटला आणि समोरच्या विजेच्या तारांत जाऊन अडकला. धाकटी मुलगी रडू लागली. पुतण्याने शटर ओढण्याची लोखंडी आकडी उचलली व तो स्टुलावर चढू लागला. "काका, एका क्षणाचे काम आहे," तो म्हणाला. मी हात धरून त्याला खाली उतरवले, तेव्हा तो रागावलाच. पहिल्याच दिवशी, पाहुण्यांदेखत काकांनी असे अडवावे, हे कोणाला रुचेल?

मी वीजतज्ज्ञ नाही. आयुष्य खतावण्या तपासण्यात गेले. तारण दुकानांची पाहणी करताना वरून जाणाऱ्या तारांकडे मीही कधी पाहिले नव्हते. त्या दिवसानंतर मात्र थोडी माहिती मिळवली.

या फुग्यांच्या पातळ प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर असतो; चकाकी त्याचीच, आणि तो विजेचा सुवाहक आहे. रस्त्यावरील ११ हजार व्होल्टच्या तारा बहुधा उघड्या असतात. त्यांच्यामधील हवेचे अंतर हेच त्यांचे संरक्षण. फुगा दोन तारांना एकदम टेकला की ते अंतर संपते, ठिणग्या उडतात, क्वचित तार तुटून खाली येते. रबरी फुग्यातील हेलियम साधारण दिवसभरात निघून जातो, तर हा फुगा आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ तरंगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मोठ्या भागाची वीज गेली, चिप बनविणारे कारखानेही थांबले. कारण बहुधा असा एक फुगा होता! कॅलिफोर्नियात हेलियमचे असे फुगे वजन बांधूनच विकण्याचा नियम १९९० पासून आहे. २०२२ मध्ये तेथे वीज न वाहणारे फुगेच टप्प्याटप्प्याने आणण्याचा कायदाही झाला.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. हेलियम महाग, म्हणून पुष्कळदा फुग्यांत हायड्रोजन भरला जातो. तो एका ठिणगीने पेट घेतो. फुगेवाल्याला वायू कोणता, हे विचारण्यात संकोच नको. मालाची प्रत आपण विचारतोच की.

मला विचाराल तर दुकानाबाहेर, गच्चीवर व मिरवणुकीत पंपाने हवा भरलेले साधे फुगेच बरे. चंदेरी फुगे हवेच असतील तर ते घरात ठेवावेत, सुती दोऱ्याने वजनाला बांधावेत, एकत्र जुडगा करू नये, आणि समारंभ संपताच भोक पाडून वायू काढून टाकावा. चकाकत्या पट्ट्या उडविणाऱ्या नळकांड्याही तारा किंवा रोहित्राजवळ नकोत. फुगा अडकलाच तर काठी, बांबू, शिडी काहीही लावू नये. सुका बांबूदेखील भरवशाचा नाही. तार खाली पडली असेल तर किमान १० मीटर दूर राहून इतरांनाही थांबवावे आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

आम्हीही तेच केले. तासाभराने वीज कर्मचारी आले, त्यांनी प्रवाह बंद केला आणि फुगा काढला. दुकानात तेवढा वेळ अंधार होता. पुतण्याने पहिले बिल मेणबत्तीच्या उजेडात लिहिले.