जबलपूरचे ताल आणि तालातला शिंगाडा

जबलपूरला राणीताल आहे, चेरीताल आहे, मढाताल आहे, फूटाताल आहे. श्रीनाथ की तलैया आहे, भानतलैया आहे. रिक्षावाल्याला यातलं कुठलंही नाव सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो. उतरल्यावर दुकानं दिसतात, दवाखाने दिसतात, क्लासच्या पाट्या दिसतात. पाणी काही दिसत नाही.

आपली मंडळी इथे येतात ती भेडाघाटसाठी. धुवांधार धबधबा बघायचा, संगमरवरी कड्यांमधून नावेत बसायचं, चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढायच्या, संध्याकाळी ग्वारीघाटावर नर्मदेची आरती आणि रात्रीची गाडी. परिक्रमावासी तर शहरात शिरतही नाहीत. इतिहासही आपण असाच भरभर उरकतो: गढ्याचे गोंड राजे, १५६४ साली मोगलांशी लढता लढता मरण पत्करणारी राणी दुर्गावती, १७८१ मध्ये आलेले सागरचे मराठे, मग नागपूरकर भोसले, १८१७ पासून इंग्रज. विनोबांनी या शहराला 'संस्कारधानी' म्हटलं, ते तर इथे दुकानांच्या पाट्यांवरही वाचायला मिळतं.

या शहराची खरी ओळख मात्र त्याच्या तलावांत आहे. गावात 'बावन ताल-तलैया' होते, असं इथला प्रत्येक जुना माणूस सांगतो. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. त्यांच्यावरून धावत येणारं पावसाचं पाणी गोंडांनी पायथ्याशी आणि सखल भागात अडवलं. लोककथा अशी, की राणीने बांधला तो राणीताल, तिच्या दासीने बांधला तो चेरीताल आणि दिवाण आधारसिंह कायस्थाने बांधला तो आधारताल. मला ही कथा फार आवडली. राणी, चाकर आणि कारभारी, तिघांनीही आपलं नाव मागे ठेवलं ते पाणी साठवून.

आज राणीताल म्हटलं की स्टेडियम डोळ्यांपुढे येतं. चेरीताल ही वस्ती झाली, मढाताल बाजार झाला. भंवरतालची बाग झाली. तिथल्या बकुळीखाली १९५३ साली आपल्याला ज्ञान झालं असं ओशो सांगत, म्हणून तिथे परदेशी पाहुणेही येतात. मोठा पाऊस झाला की ओमती आणि मोती नाले फुगतात आणि सखल मोहल्ल्यांत पाणी शिरतं. त्या पाण्याची जागाच आपण घेतली, तर त्याने जावं कुठे?

जे ताल उरले, त्यांतल्या शहराच्या कडेच्या एकावर एक शिंगाडेवाले काका भेटले. साठीच्या पुढचे, पिढीजात हेच काम. आषाढात वेल लावायचे, दसऱ्याच्या सुमारास तोडणी सुरू होते ती थंडीपर्यंत. पूर्वी दोन मडकी पालथी बांधून त्यांवर तरंगत शिंगाडे तोडत, आता ट्रकची जुनी ट्यूब असते. काका तिच्यावर पोटावर पडून एका हाताने पाणी कापत पुढे सरकत होते. दुसऱ्या हाताने वेलाचा झुबका उलटा करायचा, खालचे शिंगाडे चाचपायचे, तयार झालेले तेवढे खुडायचे आणि वेल पुन्हा सुलटा करून पाण्यावर ठेवायचा. शिंगाड्याचे काटे इतके तीक्ष्ण, की त्यांची बोटं बारीक चिरांनी भरलेली आणि सालीच्या रसाने काळी पडलेली. ओला शिंगाडा उकडून हातगाडीवर जातो. उरलेला वाळवून, फोडून व्यापाऱ्याकडे. जवळच्या सिहोऱ्याची शिंगाड्याची बाजारपेठ मोठी आहे. आपल्या एकादशीच्या पिठामागे कुणाचे तरी असे हात असतात, हे मला त्या काठावर बसल्यावर जाणवलं.

काकांना मी तलावाच्या सुशोभीकरणाबद्दल विचारलं. त्यांची तक्रार साधी होती. काठाला दगडी भिंत झाली, फिरायला वाट झाली, संध्याकाळी दिवे लागतात, ते छानच. पण टेकडीकडून पाणी ज्या ओहोळांनी यायचं, ते भिंतीने आणि घरांनी अडले. आता येतं ते गटाराचं. गढूळ पाण्यात शिंगाडा एक वेळ येतो, सांडपाण्यात वेल सडतो. तलावाचा ठेका दर वेळी निघतो, पैसे भरावे लागतात; पाणी कुठून येणार, हे मात्र त्या कागदात नसतं.

मला हे म्हणणं शंभर टक्के पटलं. जबलपूर २०१६ च्या पहिल्याच यादीत 'स्मार्ट सिटी' झालं. गुलौआ तालाच्या काठाला बाग आणि चौपाटी झाली, लोक मुलाबाळांना घेऊन तिथे जातात आणि त्यांना बरं वाटतं. पण तलाव जगतो तो पाणी येण्याच्या वाटांवर, नुसत्या काठावर नव्हे. हनुमानतालच्या काठावर किल्ल्यासारखं भव्य जैन मंदिर आहे, भोवती जुनं शहर आहे, आणि मधलं पाणी हिरवं पडलेलं आहे.

या वाटा मोकळ्या ठेवणं हे पालिकेचं काम. याच शहराची नगरपालिका एकेकाळी देशाच्या तोंडी होती. टाउन हॉलवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून १९२३ च्या मार्चमध्ये इथे सत्याग्रह झाला. पंडित सुंदरलाल आणि सुभद्राकुमारी चौहान त्यात पुढे होते आणि ती ठिणगी पुढे नागपूरला गेली. 'गीतांजली' हिंदीत आणणारे कवी भवानीप्रसाद तिवारी स्वातंत्र्यानंतर इथले महापौर झाले. ज्या सभागृहाला असा वारसा आहे, त्याने उरलेल्या प्रत्येक तालाचे ओहोळ मोजून, खुणेचे दगड रोवून मोकळे करावेत आणि ठेक्याच्या करारात स्वच्छ पाण्याची जबाबदारी स्वतःवर घ्यावी, एवढं मागणं जास्त नाही. बांधकामाचे परवाने तेच देतात, नालेही तेच काढतात.

भेडाघाटला जाणार असाल तर एक सकाळ शहरासाठी राखून ठेवा. आधी हनुमानताल, मग आधारताल किंवा संग्रामसागर. दिवाळीच्या आसपास गेलात तर बाजारात गाड्यांवर उकडलेले शिंगाडे वाफाळत असतात. पाव किलो घ्या, आणि विकणाऱ्याला विचारा, कुठल्या तालातले आहेत.