घर उजळावे, जळू नये!



वसुबारस आली की तुमच्या-आमच्या घरात दिव्यांचा सण सुरू होतो. गोठ्याच्या दारात पणती, ओसरीवर आकाशकंदील आणि हल्ली त्याच्या जोडीला विजेच्या रंगीत माळा. दिवाळी सरते न सरते तोच तुळशीचे लग्न येते, मग देवदिवाळी, आणि डिसेंबरात नाताळ. हे दिवस आनंदाचे, पण आगीच्या दृष्टीने हेच दिवस सर्वांत धोक्याचे. पाऊस थांबून महिना-दोन महिने झालेले असतात, गवत पिवळे पडलेले असते, भाताची मळणी होऊन पेंढा घराशी आलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण घराभोवती दिवे आणि तारा लावतो. या गोष्टीचा विचार सणाच्या आधी व्हावा, म्हणून हा लेख.

मुंबईतले एक गाव

यासाठी तुम्हाला मुंबईला नेतो. दचकू नका. मुंबईत एक जागा अशी आहे की तिथे गेल्यावर तुम्हाला आपल्याच गावी आल्यासारखे वाटेल. गोरेगाव स्टेशनावर उतरून पूर्वेकडे निघालात की थोड्या वेळात आरे कॉलनी लागते. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवून लोकांना चांगले दूध मिळावे म्हणून १९४९ साली ही वसाहत वसवली गेली आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. हे काम ज्यांनी उभे केले त्या दारा खुरोडी यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे ३,१६० एकरांच्या या परिसरात म्हशींचे तबेले आहेत. तिथे पत्ता सांगताना गल्लीचे नाव सांगत नाहीत, ‘युनिट नंबर अमुक’ असे सांगतात. आणि या तबेल्यांच्याही कितीतरी आधीपासून इथे वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा अशी त्यांची नावे. आपण वसुबारसेला गाय-वासरू पुजतो, त्याच सुमारास हे लोक वाघबारस पाळतात आणि वाघोबाला पुजतात. शेजारच्या मरोळ भागात पूर्वापार भातशेती केलेली, मराठी बोलणारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांच्या घरी नाताळला गवत-पेंढ्याचा ‘गोठा’ मांडतात, दारात कागदी चांदणी टांगतात.

म्हणजे गुरे, पेंढा, कुडाची किंवा पत्र्याची घरे, वाळलेले रान आणि सणाचे दिवे हे सारे एकाच ठिकाणी आले. तुमच्या गावात तरी याहून वेगळे काय आहे?

दिवा लावूच नका, असे आम्ही म्हणत नाही

शहरातला एखादा शहाणा म्हणेल, एवढे भय आहे तर दिवे लावताच कशाला? पण आरेच्या माणसाला विचारा. तिथे बिबट्याचा वावर आहे. २०२२ सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी पहाटे, बिबट्याने तिथली सव्वा वर्षाच्या आसपासची एक मुलगी उचलली आणि ती बिचारी दगावली. अशा ठिकाणी अंगणातला उजेड ही हौस नसते, तो घराचा पहारेकरी असतो. काही पाड्यांवर वीज पोहोचायला दशकांमागून दशके गेली. ज्यांनी इतकी वर्षे अंधार काढला त्यांना आपण दिवे मालवा असे कोणत्या तोंडाने सांगणार?

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी आरेच्या बाजूला, गोरेगावच्या डोंगरावर वणवा पेटला आणि विझवायला तासन् तास लागले. वाळलेले रान किती झपाट्याने पेटते हे त्या रात्री सगळ्या मुंबईने पाहिले. त्याच्या वर्षभर आधी, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसे गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडालेल्या ठिणगीवर चौकशीत बोट ठेवले गेले. शोभेसाठी लावलेल्या कापडा-पडद्यांनी ती आग पाहता पाहता पसरवली. ठिणगी नेहमी लहानच असते. तिला खायला काय मिळते, यावर पुढचे सारे ठरते.

माळ कशी पेट घेते?

झाडावर दिवे लावण्याची पद्धत युरोपातली. पूर्वी तिथे नाताळच्या झाडाला खऱ्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडाला विजेचे ८० छोटे दिवे लावले. तेव्हापासून ज्योत गेली. पण ज्योत गेली म्हणून आग गेली, असे मात्र झाले नाही.

आपल्याकडच्या जुन्या माळेचे उदाहरण घेऊ. घरातली वीज २३० व्होल्टची. माळेत एकामागून एक ४६ बारीक बल्ब असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ व्होल्ट येतात. एक बल्ब गेला की सगळी माळ विझते. मग घरातला एखादा हुशार मुलगा काय करतो? गेलेला बल्ब काढतो आणि दोन तारा एकमेकींना पिळून जोडतो. माळ पुन्हा लागते, सगळे टाळ्या वाजवतात. दरवर्षी असे करता करता सहा बल्ब कमी झाले, की उरलेल्या ४० बल्बांना तेच २३० व्होल्ट वाटून घ्यावे लागतात. प्रत्येकाला पावणेसहा व्होल्ट! बल्ब जास्त तापतो, तारही जास्त तापते, आणि पिळून जोडलेला सैल सांधा तर सर्वांत जास्त तापतो. त्या सांध्याला कंदिलाचा कागद, कापूस किंवा पेंढ्याची काडी टेकलेली असली की झाले.

आता एलईडीच्या माळा आल्या आहेत. त्या थंड राहतात आणि वीजही थोडी खातात, म्हणून घेताना त्याच घ्याव्यात. पण दिवा थंड असला तरी कित्येक माळांच्या तारेत तेच २३० व्होल्ट खेळत असतात. स्वस्त माळेची तार दोऱ्यासारखी बारीक आणि वरचे आवरण पातळ. ते आवरण उंदराने कुरतडले, खिळ्याने फाटले किंवा उन्हाने तडकले की ठिणगी उडायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या घरात तर आणखी एक भय आहे. पत्र्याच्या धारेवरून तार ओढली आणि ती कापली गेली, तर सगळ्या पत्र्यात वीज उतरते. मग पत्र्याला नुसता हात लागला तरी जिवाशी गाठ.

सणाआधी एक दुपार द्या

माळा पेटीतून काढल्यावर लगेच टांगू नका. दिवसाउजेडी अंगणात पसरा आणि हाताने चाचपून पाहा. आवरण फाटलेली, जागोजाग पिळलेली किंवा काळी पडलेली माळ सरळ टाकून द्या. नव्या माळेचे पैसे घर बांधण्यापेक्षा कमीच लागतात. तार घेताना आयएसआय छाप पाहून घ्या. दुकानाबाहेर ढिगाने विकायला असते तिच्यावर तो नसतो.

माळ खिळ्याला गुंडाळू नका, सुतळीने किंवा क्लिपने अडकवा. चटईखालून, दाराच्या फटीतून किंवा पत्र्याच्या धारेवरून तार नेऊ नका. पिन नसलेल्या तारा काडी खुपसून सॉकेटात घालण्याची सवय आजच सोडा. एका सॉकेटावर तीन-चार पिना लटकवू नका. लांबीसाठी वायरचे वेटोळे वापरत असाल तर ते पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता आतच कोंडते.

फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बसवणारे लोक घरोघरी आहेत. फ्यूज जातो याचा अर्थ तो घर वाचवतो आहे. त्याच्या जागी जाड तार घालणे म्हणजे राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधणे. त्याऐवजी जाणत्या वायरमनला बोलवा, आर्थिंग तपासून घ्या, आणि जमेल तेव्हा एमसीबी व गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घ्या. पहिला वायरीवर जास्त भार आला की वीज तोडतो. दुसरा वीज भलतीकडे, म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात जाऊ लागली की तोडतो.

पणतीलाही नियम आहे. पणती ताटलीत वाळू घालून तिच्यावर ठेवा. पडद्याखाली, कागदी तोरणाखाली किंवा गॅसच्या शेगडीजवळ नको. पणत्या लावताना मुलींनी ओढणी बांधून घ्यावी, बायकांनी पदर खोचावा, आणि नायलॉनचे कपडे त्या दिवशी नकोतच, सुतीच बरे. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका. नाताळच्या गोठ्यातल्या पेंढ्याला दिवे टेकू देऊ नका. झाड म्हणून सुरूची फांदी आणत असाल तर ती ओल्या वाळूच्या बादलीत रोवा, रोज पाणी घाला आणि वाळली की लगेच घराबाहेर काढा. रात्री झोपण्यापूर्वी सर्व माळा बंद करा. अंगणात रात्रभर उजेड हवाच असेल, तर त्यासाठी पक्क्या वायरीवर एक एलईडी बल्ब वेगळा लावा. पहाऱ्याचे काम शोभेच्या माळेला सांगू नका.

गोठ्याचे काय?

माणूस दार उघडून पळू शकतो, दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही. ही एक गोष्ट मनात ठेवली की बाकीचे आपोआप सुचते. गोठ्यात शोभेची माळ लावूच नये. मूत्राच्या वाफेने आणि दमटपणाने तिथली तांब्याची तार लवकर खराब होते, वर धूळ आणि कोळिष्टके असतात, आणि उंदीर तर मुक्कामालाच असतात. गोठ्यातली वायर पाइपातून न्यावी आणि दिवा झाकणाचा असावा. वसुबारसेची पणती गोठ्याबाहेर, पेंढ्यापासून दूर ठेवावी आणि ती विझेपर्यंत कोणीतरी तिथे बसावे. पेंढ्याची उडवी किंवा कडब्याची गंजी घरापासून आणि गोठ्यापासून पन्नास-साठ फूट तरी लांब रचावी, भोवतालचे गवत कापून टाकावे. फटाके त्या बाजूला उडवायचेच नाहीत.

जनावर बांधताना निरगाठ नको, एका ओढीत सुटेल अशी सुरगाठ मारावी. दावे कापायला एक कोयता गोठ्याच्या दारापाशी, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी टांगावा. जनावरे सोडल्यावर त्यांना लांब हाकून दार लावून घ्यावे. भेदरलेली म्हैस ओळखीच्या ठाणाकडे परत धावते.

तरीही आग लागली तर

आधी मेन स्विच बंद करा. विजेच्या आगीवर वीज चालू असताना पाणी ओतू नका, कोरडी वाळू किंवा माती टाका. गॅसचा रेग्युलेटर हाताला लागत असेल तर बंद करा. लहान आगीवर ओले गोणपाट टाका. धूर भरला असेल तर खाली वाकून बाहेर पडा, आणि वस्तू आणायला पुन्हा आत जाऊ नका. अग्निशमनासाठी १०१, मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे भिंतीवर खडूने मोठे लिहून ठेवा.

अंगावरचे कपडे पेटले तर धावू नका, जमिनीवर लोळा. कोणी भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडा. बर्फ, हळद, तूप, शाई, दंतमंजन यांतले काही लावू नका. सूज येण्यापूर्वी बांगड्या-अंगठ्या काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका, स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठा.

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आरेतल्या अरुंद पायवाटांच्या पाड्यावर बंब पोहोचायला वेळ लागतो, मग तुमच्या वाडीवर तो तालुक्याहून केव्हा पोहोचणार? तो येईपर्यंत तुमचा बंब म्हणजे अंगणातले पाण्याचे पिंप, वाळूच्या दोन बादल्या आणि हाकेसरशी धावून येणारे शेजारी. तेव्हा या वर्षी आकाशकंदील टांगण्याआधी ते पिंप भरा, बादल्या दाराशी ठेवा, आणि मुलाबाळांना बोलावून मेन स्विच कुठे आहे ते दाखवा. मग खुशाल दिवे लावा!