नवा कॅमेरा हवाय? आधी जुन्याचा हिशेब मांडा!

घरातला मिक्सर बिघडला, तर नवा आणताना कुणी फारशी चर्चा करीत नाही. चटणी अडते, इडलीचं पीठ अडतं, म्हणजे सगळ्या घराचंच अडतं. पण घरातल्या बाईने ‘मला नवा कॅमेरा घ्यायचाय’ असं नुसतं म्हणून बघावं! लगेच भुवया वर जातात. ‘आहे की एक! आणि मोबाईल कशाला घेतलाय मग?’

मग काय होतं? काही जणी गप्प बसतात आणि हौस मनातल्या मनात जिरवतात. काही जणी हट्टाने महागातला कॅमेरा आणतात, आणि दोन महिन्यांनी तो कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नातल्या शालूशेजारी जाऊन बसतो. पैसेही जातात आणि वर ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे आयुष्यभर ऐकावं लागतं.

मैत्रिणींनो, दोन्ही टाळता येतं. त्यासाठी दुकानात जाण्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारायचा: माझ्या जुन्या कॅमेऱ्याने नेमकं काय अडतंय?

बोहाड्याची रात्र

माझी एक मैत्रीण मोखाड्याला शिक्षिका आहे. यजमान नोकरीत, मुलगा नाशिकला वसतिगृहात. दहा वर्षांपूर्वी भिशीचे पैसे लागले, तेव्हा तिने एक साधा डीएसएलआर कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर आली तीच १८-५५ मिलिमीटरची लेन्स.

जव्हार-मोखाड्यात फोटोंना विषय काय कमी! जव्हारचा जयविलास राजवाडा, पावसाळ्यात कोसळणारा दाभोसा, सूर्यमाळचा डोंगर, खोडाळ्याकडचं देवबांधचं गणपतीचं देऊळ. दिवसाउजेडी हे सगळं तिच्या कॅमेऱ्यात सुरेख यायचं. अडायचं ते बोहाड्याला.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा उत्सव. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला गेलेली या भागातली पुष्कळशी कुटुंबं शिमग्याला गावी परततात, आणि त्याच सुमारास बोहाड्यांना सुरुवात होते. रात्री संबळ घुमू लागतो आणि एकेक सोंग नाचत पुढे येतं. गणपती येतो, शारदा येते, नरसिंह येतो, रावण येतो. टेंभ्यांच्या हलत्या उजेडात ते मुखवटे जिवंत वाटतात. मुखवट्यामागे कुणाचा भाऊ असतो, कुणाचा मुलगा असतो. पण त्या रात्री तो देवच.

माझ्या मैत्रिणीने जागरण करून ढीगभर फोटो काढले. सकाळी बघते तर बहुतेक फोटोंत रंगांचे नुसते फराटे!

“अहो, बघा ना, एकही फोटो धड नाही. आता नवाच कॅमेरा घेते मी.”

“केवढ्याला आहे?”

“मला हवाय तो लेन्ससकट लाखावर जाईल.”

यजमान जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जूनमध्ये वसतिगृहाची फी भरायची आहे गं. तरी तू म्हणत असशील तर घेऊ, ओढाताण करू थोडी. पण नव्याने फोटो नक्की नीट येतील ना?”

या शेवटच्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हतं. खरी मेख इथेच असते. ‘परवडेल का?’ याचा विचार आपण करतोच; ‘उपयोग होईल का?’ हे मात्र जाहिरातीवर सोडून देतो.

बिघडलेल्या फोटोंची वही

मग तिने काय केलं? शाळेची एक कोरी वही घेतली आणि बिघडलेले फोटो संगणकावर मोठे करून एकेक तपासला. महिन्याचा खर्च मांडताना किराणा, दूध, औषधं असे रकाने करतो, तसे तिने चार रकाने केले.

पहिला रकाना — हात हलला. फोटोतलं सगळंच, अगदी मागची भिंतसुद्धा पुसट आलेली. हा दोष हाताचा. कोपर पोटाशी घट्ट धरावं, खांबाला टेकून उभं राहावं, जमलं तर तिपाई वापरावी.

दुसरा रकाना — सोंग हललं. मागची भिंत स्वच्छ, पण नाचणारा पुसट. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहिला, आणि तेवढ्यात नाचणारा पुढे सरकला.

तिसरा रकाना — फोकस भलतीकडे. मुखवटा पुसट आणि शेजारचा टेंभा लख्ख. इथे सवय लागते. फोकसचा बिंदू आपण स्वतः निवडायला शिकलं पाहिजे.

चौथा रकाना — लांबून काढला किंवा वेळ चुकली. याला औषध म्हणजे लवकर जाऊन पुढे बसणं, आणि सोंगाची पावलं कशी पडतात ते आधी दोन फेऱ्या नुसतं बघणं.

आता गंमत बघा. चारांतल्या तीन रकान्यांवर कितीही महाग कॅमेरा आणला, तरी तो पुरता उपाय नव्हे. यंत्राचा खरा कमीपणा दिसला तो दुसऱ्याच रकान्यात. पण तो रकाना वहीत सगळ्यांत लांब भरला होता, हेही खरं. म्हणजे तिची तक्रार खोटी नव्हती!

तोटी मोठी, बादली लवकर

कॅमेऱ्यात उजेड शिरतो तो लेन्समधून. बादली भरायची तर तोटी बारीक असली की वेळ लागतो, मोठी असली की भराभर भरते. लेन्सवर जो एफचा आकडा लिहिलेला असतो, तो या तोटीचं माप सांगतो. मात्र हिशेब उलटा: आकडा लहान, तर तोंड मोठं.

मैत्रिणीची लेन्स ५५ मिलिमीटरवर ५.६ पर्यंतच उघडत होती. बाजारात ५० मिलिमीटरची, १.८ पर्यंत उघडणारी एक साधी लेन्स मिळते. गणित केलं तर त्या लेन्समधून जवळजवळ नऊ-दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे पडदा सेकंदाचा २५ वा भाग उघडा ठेवावा लागे, तिथे सुमारे २५० वा भाग पुरतो. एवढ्यात नाचणारं पाऊल बहुतेक वेळा जागच्या जागी टिपलं जातं. नव्या कॅमेऱ्यालाही तशीच बारीक तोंडाची लेन्स लावली, तर नुसती बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही. आणि किंमत? अशी लेन्स नव्या संचाच्या मानाने अगदी थोड्या पैशांत येते. जुनी पण चांगली मिळाली तर आणखी स्वस्त.

तिचे तोटेही सांगायला हवेत. या लेन्सला झूम नसतो. जवळ-लांब व्हायचं ते आपल्या पायांनी. आणि तोंड पूर्ण उघडलं, की मुखवट्याचं नाक स्वच्छ आणि कान पुसट असं होतं. म्हणून जरा मिटवून, २ किंवा २.८ वर वापरणं बरं. घेताना दुकानदाराला आपल्या कॅमेऱ्याचं मॉडेल सांगून ‘यावर आपोआप फोकस होईल ना?’ हे विचारायला विसरू नका. काही जुन्या लेन्सा साध्या कॅमेऱ्यांवर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो.

‘मग मोबाईलचा रात्रीचा मोड?’ असं कुणी विचारील. तो मोड बराच वेळ उजेड गोळा करतो, किंवा पाठोपाठ फोटो घेऊन ते एकावर एक बसवतो. देवघरातली समई त्यात छान येते. नाचणारी माणसं मात्र पुसट होतात.

आणि फ्लॅश? त्याने टेंभ्याच्या उजेडाची सगळी जादू जाते. शिवाय मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून बघत नाचणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि बाजूला पेटते टेंभे असतात! तेव्हा फ्लॅश नकोच. फोटो काढण्याआधी उत्सवातल्या जाणत्या मंडळींना विचारून घ्यावं, हे तर सांगायला नकोच.

माझ्या मैत्रिणीने लेन्सही लगेच विकत घेतली नाही. बोहाडा गावोगावी वेगवेगळ्या दिवशी असतो. जवळच्या दुसऱ्या गावच्या बोहाड्यासाठी तिने नाशिकहून तशी लेन्स दोन दिवस भाड्याने आणली. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि लेन्सा अशा भाड्याने मिळतात. साडी अंगावर लावून बघितल्याशिवाय आपण घेतो का? हेही तसंच. फोटो आल्यावर मगच तिने पैसे मोजले.

सरस्वतीबाईंच्या पांढऱ्या चादरी

मोखाड्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, की पुढे त्र्यंबकेश्वर येतं. दादासाहेब फाळक्यांचं हे जन्मगाव. कॅमेऱ्यासाठी घरादाराने केलेल्या ओढाताणीची आपल्याकडची सगळ्यांत मोठी गोष्ट याच माणसाची.

१९१२ साली दादासाहेब विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. पण त्याआधी छायाचित्रण, ब्लॉक तयार करणं, छपाई ही कामं त्यांच्या हातात मुरलेली होती. साध्या कॅमेऱ्याने जे होणार नाही असं काम समोर होतं, म्हणून त्यांनी नवा घेतला. आणल्यावरही लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. वाटाण्याचं रोप कोंबापासून कसं वाढतं, याचं छोटंसं चित्रण करून त्यांनी ते भांडवल देणाऱ्यांना दाखवलं. मगच ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला.

या चित्रपटासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण ऐकलेलं असतं. त्यांचं काम तेवढंच नव्हतं. कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायची, रसायनं मिसळायची, एवढ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, आणि चित्रण चालू असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं! त्या चादरींवरून उलटलेला उजेड नटांच्या चेहऱ्यावर पडायचा.

दागिने गहाण टाका असं मी मुळीच सांगत नाही, बरं का! पण ती चादर मात्र जरूर उचला. घरात बाळाचा, आजींचा फोटो काढायचा असेल, तर माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा. चेहऱ्याची अंधारातली बाजू असेल, तिकडे कुणाला तरी धुतलेली पांढरी चादर धरायला सांगा. चेहरा कसा खुलतो ते बघा. खर्च शून्य!

आहे ते आधी टिकवा

जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे काय ते तिथल्यांना ठाऊक आहे. दमट हवेत लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि फोटो धुरकट येतात. कित्येकदा ‘कॅमेरा जुना झाला’ म्हणतो, तो असा बुरसटलेला असतो.

त्यासाठी पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. दाण्यांचा रंग बदलला, की ते ओलावा धरून बसले असं समजावं. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे गरम करून वाळवावे, नाहीतर नवे घालावे. या पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढावेत. भिजलेल्या हातांनी किंवा पावसात उभं राहून लेन्स बदलू नये. वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा जादा बॅटरी हवीच. आणि फोटो नेहमी दोन ठिकाणी साठवावेत. कॅमेरा पुन्हा आणता येईल, आजीचा हसरा चेहरा कुठून आणाल?

मग नवा घ्यायचाच नाही का?

घ्यायचा की! दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडला, सुटे भाग मिळेनासे झाले, फोटोंची कामं मिळू लागली आणि कॅमेरा आपला खर्च काढू लागला, किंवा हवा असलेला फोटो लेन्स आणि सराव दोन्ही करूनही येत नसला, तर खुशाल घ्यावा. अशा वेळी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. घरातल्या बाईची हौस ही चैन आणि बाकीच्यांची ती गरज, असा नियम कुणी केलाय?

मात्र डीएसएलआर सोडून मिररलेस घेणार असाल, तर जुन्या लेन्सा चालतील का, त्यासाठी जोडणी वेगळी घ्यावी लागेल का, हे आधी विचारा. जुना कॅमेरा विकत घेताना लेन्समध्ये विजेरीचा झोत टाकून बुरशी बघा, मूळ बिल मागा.

माझ्या मैत्रिणीची लेन्स आली आणि फीही वेळेवर भरली गेली. वाचलेल्या पैशांतून तिने पुढच्या वर्षी एक खर्च केला: बोहाड्याच्या फोटोंच्या कागदी प्रती काढल्या आणि ज्यांचे त्यांना घरी नेऊन दिल्या. त्यांतल्या एका म्हातारीने रावणाच्या सोंगाचा फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “ह्यो माझा ल्योक हाय.” मजुरीला गेलेला मुलगा आता पुढच्या शिमग्यालाच घरी यायचा होता. तोवर तो भिंतीवर राहिला.

तेव्हा येत्या रविवारी, दुपारची कामं उरकली की एक वही घ्या आणि आपले बिघडलेले शेवटचे पन्नास फोटो काढून बसा. चार रकाने आखा. कोणता रकाना सर्वांत लांब होतो, ते यजमानांनाही दाखवा. मग दुकानात जायचं की नाही, आणि गेलात तर काय मागायचं, हे ती वहीच तुम्हाला सांगेल.