पाँपेईची हस्तिदंती मूर्ती आणि भोकरदन

इटलीतील नेपल्सच्या उपसागराकाठी व्हेसुव्हिअस हा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. इ. स. ७९ मध्ये त्याचा स्फोट झाला, तेव्हा पायथ्याच्या पाँपेई नगरीवर प्युमिस या सच्छिद्र व हलक्या दगडाच्या खड्यांचा वर्षाव कित्येक तास होत राहिला. त्या भाराने घरांची छपरे खचली. पाठोपाठ तप्त वायू व राख यांचे लोट उतारावरून धावत आले आणि नगरीत मागे राहिलेली माणसे जागच्या जागी मृत्यू पावली. धाकट्या प्लिनीने उपसागराच्या पलीकडून हा प्रलय पाहिला व पुढे टॅसिटस या इतिहासकारास पत्रांतून कळविला.

कालांतराने नगरीची जागाही विस्मरणात गेली. १७४८ मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. परंतु ही पाँपेईच होय, हे १७६३ साली सापडलेल्या एका कोरीव लेखावरून निश्चित झाले.

१९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली उत्खनन चालू असता एका घरात सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. गळ्यात हार, हात बांगड्यांनी भरलेले, पायांत जड वाळे आणि दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन लहान दासी, असे तिचे रूप आहे. ही कारागिरी भारतीय आहे, याविषयी शंका राहिली नाही. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले; ते जरा घाईचेच झाले. आज बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या मस्तकातून खाली एक छिद्र पाडलेले आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान आसनाचा वा मेजाचा पाय असावी, असा तर्क केला जातो.

मूर्ती भारतातील; पण कोणत्या गावची? जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी भोकरदन आहे. प्राचीन काळी याचे नाव भोगवर्धन होते. १९७३ च्या सुमारास शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा याच घडणीची एक खंडित हस्तिदंती मूर्ती हाती आली. तेर येथेही अशीच स्त्रीमूर्ती मिळाली असून ती तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातील तगर. तगर व पैठण येथील माल गाड्यांनी भडोच बंदरास जाई व तेथून तांबड्या समुद्रामार्गे रोमी साम्राज्यात पोहोचे.

येथे ज्वालामुखीने एक विलक्षण उपकार केला आहे. भारतीय उत्खननात अशा वस्तूचा काळ थरांवरून, नाण्यांवरून व खापरांवरून ठरवावा लागतो आणि त्यात पन्नास-शंभर वर्षांचे अंतर सहज पडते. पाँपेईत मात्र इ. स. ७९ नंतरची एकही वस्तू राखेखाली जाणे शक्य नव्हते. म्हणून ती मूर्ती त्यापूर्वी घडली, समुद्र ओलांडून गेली व कोणा रोमी गृहस्थाच्या घरी पोहोचली होती, हे निर्विवाद आहे. ती त्यापूर्वी किती वर्षे घडली, हे मात्र राख सांगू शकत नाही. तरी भोकरदन व तेर येथील मूर्तींचा काळ ठरविताना अभ्यासक याच वर्षाचा आधार घेतात.

एक अडचण उरतेच. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी मुख्यतः वायव्य भारतात चालत असे. दख्खनमध्ये ब्राह्मीचा प्रचार होता. म्हणून काही विद्वान मूर्तीचे मूळ वायव्येकडे शोधतात. इतर म्हणतात, की अक्षर व्यापाऱ्याने वा जुळणी करणाऱ्या कारागिराने खूण म्हणून कोरले असेल. मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.