हवा आधी उबते, झाड नंतर

रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं, तरच मेपलला रस सुटतो. त्यामुळे पारा शून्याच्या वर गेला की झाडांना जोडलेल्या नळ्यांतून रस ओढणारा पंप चालू आणि खाली उतरला की बंद, हा हिशेब कोणालाही सहज सुचेल. तो थर्मोस्टॅटवर सोपवून निर्धास्त होणारेही आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या उत्तरेला मी ज्या मेपलच्या राईत मदतीला जाते, तिथल्या मालकांना हे पटत नाही. मार्चच्या सकाळी पंपघराच्या सावलीत टांगलेला तापमापक ते बघतात खरा, पण बटणाला हात न लावता बर्फातून दक्षिण उतारावर चालू लागतात.

कारण तापमापक हवेबद्दल सांगतो, लाकडाबद्दल नाही. रात्रभर उणे दहात उभं राहिलेलं दीड-दोन फूट जाडीचं खोड हवा दोन अंशांवर आली म्हणून लगेच वितळत नाही. उलट हवा शून्याखाली असतानाही काळपट साल उन्हाने तापते आणि एखाद्या झाडाला पाझर फुटतो. उत्तरेच्या उतारावरची झाडं तेव्हा गोठलेलीच असतात. शिवाय झाड तयार असलं, तरी नळीत कालचा बर्फ अडकलेला असू शकतो.

मेपलच्या लाकडातले तंतू पाण्याने नव्हे, वायूने भरलेले असतात. थंडी वाढते तसा हा वायू आकसतो, तंतूंच्या आतून बर्फाचा थर चढतो आणि त्या ओढीने मुळांकडचं पाणी वर येतं. सकाळी बर्फ वितळला की कोंडलेला वायू फुगतो आणि रस बाहेर रेटतो. बादल्या टांगण्याच्या काळात सगळा धंदा या रेट्यावरच चालायचा. पंप त्यात एवढीच भर घालतो, की नळीतला दाब उतरवून आतबाहेरचा फरक वाढवतो. हा फरक पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात म्हणजे सुमारे 30 इंच. चांगल्या राखलेल्या राईत काटा 25 ते 27 वर ठरतो. एका इंचामागे रस साधारण 5 ते 7 टक्क्यांनी वाढतो. रसात साखर जेमतेम 2 टक्के, म्हणजे 1 लिटर पाकाला सुमारे 43 लिटर रस आटवावा लागतो. अशा धंद्यात एक इंचही सोडवत नाही.

म्हणून उतारावर आम्ही बघतो ते नळ्यांतले बुडबुडे. रसाबरोबर संथ सरकणारे बुडबुडे चालतात. बाणासारखे धावत असतील, तर वर कुठेतरी हवा आत शिरते आहे. बहुतेक वेळा खारीने नळी कुरतडलेली असते. बर्फात आवाज दबलेले असतात, त्यामुळे ती बारीक फुसफूस चार झाडांवरूनही ऐकू येते. रस नीट सुटण्याआधी पंप थोडा लवकर लावण्याचं एक कारण हेच: गळती शोधायला हाच वेळ मिळतो. मात्र गळत्या फार असतील, तर लवकर लावलेला पंप गार हवा नळ्यांमधून खेचत राहतो आणि आतला बर्फ सुटायला आणखी वेळ लागतो. आधी दुरुस्ती की आधी पंप, हे त्या सकाळची थंडी आणि राईची अवस्था बघूनच ठरवावं लागतं.

माझ्या मते यापेक्षा अवघड निर्णय संध्याकाळचा असतो. रस कमी होतो, पंप वीज खातच असतो, माणसं थकलेली असतात. बंद करावासा वाटतो. पण गारठू लागलेलं झाड आता उलटी ओढ घेतं. दिवसभर नळीत उबलेला, जिवाणू वाढलेला रस खोडाला पाडलेल्या भोकातून परत लाकडात जातो. मग भोकाच्या कडा लवकर बुजतात, आणि त्याचा फटका त्या संध्याकाळी नव्हे तर तीन आठवड्यांनी बसतो, ऐन हंगामात. व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने यावर काम केलं आणि भोकात बसवायची, आत छोटी गोळी असलेली तोटी पुढे आणली. झाड आत ओढू लागलं की गोळी सरकून वाट अडवते. त्या तोट्या असूनही इथला पंप नळ्या गोठेपर्यंत चालू राहतो. विजेच्या बिलाकडे बघून तो आधी बंद करणं मला खोटी बचत वाटते.

लागोपाठ तीन-चार रात्री गोठलंच नाही, तर बादलीवाल्यांचा रस आटतो. पंपाखाली मात्र बारीक धार चालू राहते. तेव्हाही पंप दिवसरात्र ठेवावा, पण टाकीत येणारा रस त्याच दिवशी आटवण्याची तयारी असेल तरच. नीरा आपल्याकडे ऊन चढण्याआधी हातावेगळी करतात, तशीच ही घाई.

एप्रिलमध्ये कळ्या फुगू लागल्या की पाकाला उग्र वास येतो. नळीतून रस वाहत असला, काटा 26 वर असला, तरी पंप थांबवायचा. मग तोट्या काढायच्या, म्हणजे झाडांना भोकं बुजवायला पुढचा उन्हाळा पूर्ण मिळतो.