जुन्या गाडीतले पाणी

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला साधारण एक तृतीयांश भाग बाहेर टाकण्याचे काम गाडीच्या शीतकरण यंत्रणेकडे असते. वॉटर पंपाने ढकललेले पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरताना तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत निवते आणि पुन्हा इंजिनात येते. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की ती उघडतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही.

जयपूरमध्ये मे-जूनच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा या यंत्रणेचा कस लागतो. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंशांवर असेल, तर दोहोंत ७० अंशांचा फरक असतो. हवा ४५ अंशांवर गेली की तोही ४५ अंशांवर येतो आणि तेवढ्याच हवेतून बाहेर पडणारी उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटते. शहरातल्या, अरवलीच्या डोंगराजवळ वसलेल्या जवाहर नगरात उन्हाळी वादळांची बारीक धूळ रेडिएटरच्या पत्र्यांत बसून हवेची वाटही अडवते. तरीही जुनी गाडी तापण्याचे मूळ कारण बहुधा उन्हापेक्षा आतल्या गाळात असते.

२०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरसारख्या गाड्यांत वर्षानुवर्षे नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी ओतले गेले. जयपूर शहराला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी मिळते. पण राजस्थानात भूजल अनेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त आहे. असे पाणी तापले की त्यातले क्षार धातूवर पापुद्र्यासारखे बसतात. हा थर लोखंडाच्या मानाने कितीतरी कमी उष्णता वाहून नेतो. शिवाय ओतीव लोखंडाचे इंजिन आणि तांबे-पितळेचा रेडिएटर क्षारयुक्त पाण्याने जोडले गेले की गंजण्याची क्रिया वेग घेते. गंजाचा लालसर गाळ मग रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतो.

यंत्रणा धुण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरू करायचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. रेडिएटरखालची तोटी आणि इंजिन ब्लॉकवरचा निचऱ्याचा बोल्ट सोडून जुने पाणी भांड्यात घ्यावे. त्याचा रंग बरेच काही सांगतो: लालसर म्हणजे गंज, तर दुधाळ किंवा तेलाचा तवंग असलेले म्हणजे हेड गॅस्केट तपासण्याची वेळ.

त्यानंतर स्वच्छ पाणी आणि बाजारात मिळणारे फ्लशिंगचे द्रावण भरून, गाडीत हीटर असल्यास तो चालू ठेवून, वरचा होस पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. इंजिन पुन्हा थंड करून पाणी काढावे आणि ते नितळ येईपर्यंत साध्या पाण्याने हे चक्र चालू ठेवावे. गाळ फारच असेल तर रेडिएटर सोडवून खालच्या तोंडातून वर असे उलटे, हलक्या दाबाचे पाणी सोडतात. जुन्या सोल्डरच्या जोडांना जोरदार दाब सोसत नाही. त्यानेही नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर रेडिएटरच्या कारागिराकडून टाक्या उकलून नळ्यांत सळई फिरवून घ्यावी लागते.

धुण्याबरोबरच बाकीचे भागही तपासून घ्यावेत. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला की तो उघडतो की नाही, हे डोळ्यांनी दिसते. गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकण्याची सवय घातक आहे. इंजिन लवकर गरम होत नाही, झीज वाढते आणि इंधनही जास्त लागते. मऊ पडलेले किंवा चिरलेले होस पाइप, सैल फॅन बेल्ट आणि वॉटर पंपाच्या बारीक भोकातून गळणारे पाणी ही बिघाडाची पूर्वसूचना असते. झाकण मूळ दाबाचेच घ्यावे. जास्त दाबाचे बसवले तर जुन्या रेडिएटरचे जोड उकलतात.

शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीला चालणारे कूलंट भरायचे. निम्मे इथिलीन ग्लायकॉल, निम्मे पाणी हे मिश्रण दाबाशिवायही सुमारे १०७ अंशांना उकळते. जयपुरात पाणी गोठण्याची भीती नाही, पण कूलंटमधली गंजरोधक रसायने तिथेही तितकीच गरजेची आहेत. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. मग पातळी पुन्हा पूर्ण करावी. जुन्या पद्धतीचे हिरवे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावे, कारण त्यातली गंजरोधक रसायने तोवर संपत येतात. काढलेले कूलंट गोडसर पण विषारी असते. ते गटारात किंवा अंगणात न ओतता बंद डब्यात भरून, मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे आणि वापरलेली रसायने स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.